एका बोटाने बदललेले आयुष्य

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात रॉबर्ट शूमान हे नाव एकोणिसाव्या शतकातील थोर रचनाकारांच्या पंक्तीत घेतले जाते. पियानोसाठीच्या त्याच्या रचना आणि त्याची गीते आजही जगभरातील मैफलींत ऐकायला मिळतात. परंतु तरुणपणी शूमानला व्हायचे होते ते पियानोवादक. ते स्वप्न त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटापाशी येऊन थांबले. वादकाचा हात कशाने जायबंदी होतो आणि त्यानंतर त्याच्या आयुष्याचे काय होते, या प्रश्नाचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

शूमानचा जन्म ८ जून १८१० रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात झ्विकाऊ या गावी झाला. वडील ऑगस्ट हे पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक. घरात ग्रंथांचा सुकाळ असल्याने मुलावर साहित्याचे आणि संगीताचे संस्कार बरोबरीनेच झाले. १८२६ मध्ये वडिलांचे निधन झाले. मुलाने पोटापाण्याचा भरवशाचा मार्ग धरावा, अशी आईची इच्छा होती. त्यामुळे १८२८ मध्ये शूमान कायद्याच्या अभ्यासासाठी लाइपझिगला आणि पुढच्या वर्षी हायडेलबर्गला गेला. मात्र कायद्याच्या वर्गांपेक्षा त्याचा वेळ पियानोपुढेच अधिक जाई.

१८३० च्या वसंतात फ्रँकफर्ट येथे त्याने विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचे वादन ऐकले. मानवी हात काय करू शकतो, याचे ते दर्शन त्याला झपाटून गेले. कायदा सोडून संगीताला वाहून घेण्याचा निश्चय त्याने आईला कळवला. धास्तावलेल्या आईने लाइपझिगमधील नामांकित शिक्षक फ्रीडरिश वीक यांचा सल्ला मागितला. शिस्तीने मेहनत केल्यास तीन वर्षांत आपण त्याला आघाडीचा पियानोवादक करून दाखवू, असे वीक यांनी कळवले. त्यांची मुलगी क्लारा त्या वेळी अवघी अकरा वर्षांची होती आणि तिच्या वादनाचा बोलबाला सुरू झाला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शूमान वीक यांच्या घरी राहायला गेला.

वीस वर्षांच्या तरुणापुढे अकरा वर्षांची अद्भुत मुलगी आणि तीन वर्षांची मुदत! उशिरा सुरुवात झाल्याची बोच त्याला होतीच. ती भरून काढण्यासाठी तो तासन् तास सराव करू लागला. बोटांच्या कसरती घेणारी साधने त्या काळी सर्रास वापरली जात. लोगिए या संगीतशिक्षकाने १८१४ च्या सुमारास काढलेले, हात ठरावीक स्थितीत जखडून ठेवणारे यंत्र युरोपभर गाजले होते. शूमाननेही बोटे एकमेकांपासून स्वतंत्र करण्यासाठी एक यांत्रिक साधन वापरले. बोट बधिर होत असल्याची नोंद मात्र १८३० च्या प्रारंभीच, म्हणजे वीक यांच्या घरी जाण्यापूर्वी, त्याच्या रोजनिशीत आढळते. पुढची दोन वर्षे तक्रार वाढतच गेली. १८३२ मध्ये मधले बोट वादनापुरते निकामी झाले.

मग उपचारांचा सिलसिला सुरू झाला. विजेचे उपचार झाले, होमिओपॅथी झाली. त्या काळच्या वैद्यकाचा एक विलक्षण उपाय म्हणजे नुकत्याच कापलेल्या जनावराच्या उबदार आतड्यांत हात बुडवून ठेवणे. तोही त्याने केला. जनावराचा स्वभाव आपल्या अंगात तर उतरणार नाही ना, अशी शंका त्याला या वेळी चाटून गेली. कशाचाच उपयोग झाला नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, हात बरा होण्याची आशा आपण सोडली असल्याचे त्याने आईला लिहिले. चेलो या वाद्याकडे वळण्याचा विचारही त्याने केला. कारण त्यात बोटांचे काम मुख्यतः डाव्या हाताला असते.

वादकाचा मार्ग बंद झाला, तेव्हा रचनाकाराचा मार्ग आधीच उघडलेला होता. १८३१ मध्ये त्याची पहिली रचना प्रसिद्ध झाली होती. १८३४ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह संगीताला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. पुढील दहा वर्षे तो त्याचा प्राण होता. पियानोसाठीच्या त्याच्या बहुतेक श्रेष्ठ रचना याच दशकात जन्मल्या. स्वतःला वाजवता येत नाही अशा त्या रचना लोकांपुढे आणल्या त्या क्लाराच्या बोटांनी.

दोघांच्या प्रेमाला वीक यांचा कडवा विरोध होता. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर न्यायालयाच्या परवानगीने १२ सप्टेंबर १८४० रोजी, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विवाह झाला. त्या एका वर्षात शूमानने सव्वाशेहून अधिक गीते लिहिली. पुढे सिंफनी आल्या, चेंबर संगीत आले. त्याचा पियानो कन्चेर्टो डिसेंबर १८४५ मध्ये ड्रेस्डेन येथे प्रथम सादर झाला, तोही क्लारानेच वाजवला. उजव्या हाताच्या दोषामुळे शूमानला लाइपझिगच्या नागरी रक्षक दलातील सेवेतून सूट मिळाली. त्यासाठी डॉक्टरने दिलेल्या दाखल्यात बोटांच्या विकाराची नोंद आहे.

१८५० मध्ये तो ड्युसेलडॉर्फला संगीत संचालक झाला. तरुणपणापासून पाठीशी असलेला मानसिक विकार तेथे बळावला. फेब्रुवारी १८५४ मध्ये त्याने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्याला वाचवण्यात आले. पण नंतरचे आयुष्य बॉनजवळच्या एंडेनिख येथील मनोरुग्णालयात गेले. तेथेच २९ जुलै १८५६ रोजी त्याचे निधन झाले.

क्लारा पुढे चाळीस वर्षे जगली. सात मुलांचा भार वाहत ती युरोपभर वाजवत राहिली. पण हाताच्या दुखण्याने तिलाही सोडले नाही. १८७० च्या दशकात बाहूच्या वेदनांमुळे तिला दीर्घकाळ मैफली थांबवाव्या लागल्या. १८७७ मध्ये ब्राम्सने बाखच्या एका व्हायोलिन रचनेचे केवळ डाव्या हाताने वाजवण्यासाठी रूपांतर करून तिला पाठवले. योगायोग असा, की नेमक्या त्याच दिवसांत खण उघडताना तिच्या उजव्या हाताची शीर ताणली गेली होती. विश्रांती आणि उपचार घेऊन ती पुन्हा व्यासपीठावर परतली. शूमानला मात्र ते जमले नव्हते. असे का झाले असावे?

दोघांची दुखणी जातीने वेगळी होती, हे त्याचे संभाव्य उत्तर. क्लाराचे दुखणे स्नायू आणि कंडरांवरील ताणाचे होते. अशा दुखण्यात वेदना धोक्याची सूचना देते आणि बहुधा विश्रांतीने उतार पडतो. शूमानच्या बाबतीत यंत्राने कंडरेला झालेली इजा, मज्जातंतूवरील दाब, पाऱ्याची विषबाधा अशी अनेक अनुमाने निघाली. अलीकडे अनेक तज्ज्ञांचा कल फोकल डिस्टोनिया या विकाराकडे आहे. यात वेदना बहुधा नसते, हाडही शाबूत असते. अतिसरावाने मेंदूतील बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळतात आणि विशिष्ट हालचालीपुरतेच बोट आज्ञा पाळेनासे होते. ज्या हाताने पियानो वाजेना, त्याच हाताने शूमानने आयुष्यभर असंख्य पाने लिहिली, ही बाब या निदानाला पुष्टी देते. दीडशे वर्षांहून जुन्या रुग्णाचे निदान अखेर अनुमानच. पण बोट हटले की सराव वाढवायचा, हा त्याचा मार्ग या विकारात रोग वाढवणाराच ठरतो.

हा विकार व्यावसायिक वादकांपैकी सुमारे शंभरात एकाला गाठतो, असे मानले जाते. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरचा उजवा हात १९६० च्या दशकात याच विकाराने निकामी झाला. बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांची मदत घेऊन दोन्ही हातांनी वाजवायला परतण्यासाठी त्याला तीन दशके थांबावे लागले. वादकांच्या आरोग्याकडे पाहणारी स्वतंत्र वैद्यकशाखाही १९८० च्या दशकातच आकाराला आली.

शूमानला हे ज्ञान उपलब्ध नव्हते. त्याच्या काळी बोट न वळणे म्हणजे मेहनतीत कसूर, असाच अर्थ लावला जाई. वस्तुतः त्याची मेहनत कमी पडली नव्हती. मेहनतीलाही मर्यादा असते, हे सांगणारे कोणी जवळ नव्हते. जगाला एक थोर रचनाकार लाभला, म्हणून त्या हानीचे मोल कमी होत नाही. सरावाच्या तासांचीच थोरवी गाणाऱ्या प्रत्येक गुरूने आणि शिष्याने शूमानच्या हाताची ही कहाणी ध्यानात ठेवावी, अशीच आहे.