नांगरासाठी कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण हे गाव एकेकाळी कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठीच ओळखले जात असे. आज त्याच बाजारपेठेच्या आसपास मोटारी आणि सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यांची रांग उभी आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात कारखाना आणि शेत यांच्यामध्ये केवळ एका कुंपणाचे अंतर उरले आहे. मात्र कुंपणाच्या एका बाजूला तयार होणाऱ्या मालाचा दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याशी फारसा संबंध नसतो. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील यंत्र उद्योगाचा एक महत्त्वाचा प्रवाह नेमका या संबंधातूनच सुरू झाला होता. अल्पभूधारक शेतकऱ्याला परवडेल, त्याच्या बैलांना ओढवेल आणि मोडल्यास त्याला दुरुस्त करता येईल असे अवजार तयार करणे, हे त्या उद्योगाचे पहिले उद्दिष्ट होते. त्याचे प्रवर्तक होते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे असले, तरी लक्ष्मणरावांचे मन पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमत असे. शालेय शिक्षण अर्धवट सोडून 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार होण्याचे त्यांचे स्वप्न मात्र पूर्ण झाले नाही. आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. रंग सुटले, रेषा मात्र सुटली नाही. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला आणि मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते आरेखनाचे शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत यंत्रे जवळून हाताळण्याची, ती खोलून पुन्हा जोडण्याची संधी त्यांना मिळाली. शिकवणे आणि शिकणे ही दोन्ही कामे बरोबरच चालू होती.

याच काळात, 1888 मध्ये, बेळगावला किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवीत आणि बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा त्या विकत. सायकल ही त्या काळी श्रीमंतांची चैन होती. ग्राहकाला ती विकायची आणि चालवायलाही शिकवायची, असा हा व्यवसाय होता. वस्तू नवी असेल तर ती वापरण्याची रीतही विक्रेत्यानेच शिकवली पाहिजे, हा धडा दोघा बंधूंना येथेच मिळाला. पुढे संस्थेत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना काढला. सायकलींच्या दुरुस्तीबरोबर तेथे वैरण कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली. कडबा अख्खा टाकला तर जनावरे धांडे सोडून देतात आणि बराचसा चारा वाया जातो. तोच बारीक कापून दिला तर पुरवठ्यास येतो. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या प्रदेशात या बचतीला मोल होते. या यंत्रानंतर त्यांचे लक्ष नांगराकडे गेले.

दख्खनच्या पठारावर तेव्हा लाकडी नांगर चालत असे. तो जमीन फोडतो, पण मातीचा थर उलटा करीत नाही. हराळी, कुंदा यांसारख्या खोल मुळांच्या तणांचा त्याने नायनाट होत नाही. लोखंडी नांगराची पाती माती कापून पालथी घालते. तणांची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात आणि खाली गेलेला पालापाचोळा कुजतो. परदेशी बनावटीचे लोखंडी नांगर हिंदुस्थानात येत असत, परंतु त्यांची किंमत आणि सुट्या भागांची अडचण यांमुळे ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होते. हाच नांगर येथे, येथील माणसांच्या हातून तयार करावा, असे लक्ष्मणरावांनी ठरविले. 1903 च्या सुमारास किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला, पण तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष कालवले जाते आणि ती नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. या नकाराला केवळ अज्ञान म्हणून मोडीत काढणे सोपे होते. पण त्यामागे व्यवहारही होता. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देत असे. त्यासाठी रोख पैसा मोजावा लागत नसे. सुगीला धान्य दिले की वर्षभराची दुरुस्ती होत असे. लोखंडी नांगरासाठी मात्र रोख रक्कम हवी होती आणि रोख रक्कम म्हणजे सावकाराचे दार. नांगर फसला तर एक हंगाम बुडणार आणि कर्ज डोक्यावर राहणार, ही भीती खोटी नव्हती.

शेतकऱ्याची ही स्थिती किती बिकट होती, याचे चित्र योगायोगाने पिंपरी-चिंचवडच्या परिसरातूनच पुढे आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून तिचे निष्कर्ष 1917 मध्ये प्रसिद्ध केले. त्या गावात 1771 साली सरासरी 40 एकरांची असलेली धारणा 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे विखुरलेले होते आणि बहुतांश कुटुंबांना शेतीवर निर्वाह करणे अशक्य झाले होते. अशा शेतकऱ्याला अवजार विकायचे, तर ते स्वस्त असून भागत नाही. ते पहिल्याच हंगामात उपयोगी ठरावे लागते.

लक्ष्मणरावांनी या प्रश्नाकडे कारखानदाराच्या नजरेने पाहिले तसेच शिक्षकाच्याही. नांगर प्रत्यक्ष शेतात चालवून दाखविण्यावर त्यांचा भर होता. फाळाची टोके लवकर झिजतात, अशी तक्रार आली तेव्हा त्यांनी दोष शेतकऱ्याच्या माथी न मारता ओतकामातील धातूच्या प्रतीकडे लक्ष वळविले. फाळ हा नांगराचा झिजणारा भाग. तो वेळेवर आणि माफक दरात मिळाला नाही, तर सबंध नांगर अडगळीत पडतो. सुटे भाग एकाच मापाचे असले, की जुना काढून नवा बसविण्यास कुशल कारागीर लागत नाही. यंत्र किती स्वस्त आहे यापेक्षा ते किती काळ चालते, हा हिशेब शेतकरी करीत होता आणि कारखान्यालाही तोच करावा लागला.

व्यवसायाला थोडे स्थैर्य येत असतानाच नवे संकट उभे राहिले. बेळगावातील कारखान्याची जागा नव्या उपनगरासाठी हवी असल्याने ती सोडण्याचा हुकूम नगरपालिकेने काढला. चाळिशीत पोहोचलेल्या लक्ष्मणरावांपुढे सर्व काही पुन्हा उभारण्याची वेळ आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. औंध येथे सभामंडपाचे बांधकाम करण्याच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी संबंध आला होता. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि 10 हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन निवडुंगाने व्यापलेली, सापांनी भरलेली आणि पाण्यावाचून ओसाड होती.

10 मार्च 1910 रोजी या माळावर कामाला प्रारंभ झाला. सुमारे 25 कामगार आपल्या कुटुंबांसह येथे आले. रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था सांभाळली, शंभोराव जांभेकरांनी यंत्रे पाहिली, मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि पत्रव्यवहार पाहिला, तर अनंतराव फळणीकर हे शिक्षण अर्धवट राहिलेले तरुण कामातूनच तंत्रज्ञ झाले. पदव्यांपेक्षा हातातील कौशल्य पाहून माणसे जोडण्याची लक्ष्मणरावांची पद्धत होती. शिक्षा भोगून आलेले तुकाराम आणि पिऱ्या यांना त्यांनी वसाहतीचे रखवालदार नेमले. माणसावर विश्वास टाकला तर तो बदलतो, ही त्यांची धारणा या दोघांनी खरी ठरविली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव होता. लक्ष्मणराव स्वतः कर्मकांडापासून दूर राहिले. त्या काळातील दक्षिण महाराष्ट्राचा विचार करता, हे धाडस ओसाड माळावर कारखाना काढण्याहून कमी नव्हते. पुढे कुंडल रोड स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असे झाले.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आवक आटली. मागणी वाढली, पण कच्चे लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. लक्ष्मणरावांनी भंगार गोळा केले, दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळशावर प्रयोग केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निरुपयोगी तोफा वितळविण्यासाठी दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. ज्या अवजाराला शेतकरी एकेकाळी शिवत नव्हता, त्याची मागणी पुरविणे आता कारखान्याला जड जात होते.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची माहिती देणारे पत्रक म्हणून किर्लोस्कर खबर सुरू केले. पुढे त्यातून मराठीतील एक नामांकित मासिक उभे राहिले, ही त्या पत्रकाची वेगळी कहाणी. कारखान्यात नांगराखेरीज उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप अशी अवजारे तयार होत होती. 1926 मध्ये केंद्रोत्सारी पंपाचे उत्पादन सुरू झाले. मोटेने पाणी काढताना बैलजोडी आणि माणूस दिवसभर अडकून पडत असे. पंपाने ते श्रम वाचविले. त्याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियांत्रिकी शिकून आलेले पुत्र शंतनुराव व्यवसायात दाखल झाले आणि नांगराच्या कारखान्याचे रूपांतर यंत्रोद्योगात होऊ लागले.

हा विस्तार पुण्यापर्यंत पोहोचला तो 1946 मध्ये. खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये आला आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाले. म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा आकारास येण्यापूर्वीच त्याच्या उंबरठ्यावर डिझेल इंजिनाचा कारखाना उभा होता. विजेची तार पोहोचली नव्हती अशा असंख्य विहिरींवर पुढे डिझेल इंजिनांनी पाणी उपसले.

उतारवयात लक्ष्मणरावांना एक मोठा आघातही पाहावा लागला. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे मोठे नुकसान झाले. जातिभेद न मानणाऱ्या वसाहतीवर जातीच्या रागातून हल्ला व्हावा, यातील वेदना हानीच्या आकड्यांत मावणारी नव्हती. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त 20 जून 1969 रोजी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. खडकीतील कारखान्याजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

लक्ष्मणरावांच्या नांगराची जागा आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने घेतली आहे. डॉ. मॅन यांनी पाहिलेल्या पिंपळे सौदागरच्या शेतांवर रहिवासी इमारती उभ्या राहिल्या असून, चाकण परिसरातील अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या आहेत. उरलेल्या शेतीवर जमिनीचे तुकडे आणखी लहान झाले आणि यंत्रे अधिक महाग. एक-दोन एकरांच्या धन्याला ती विकत घेणे परवडत नाही, भाड्याने आणावी तर ऐन घातीच्या वेळी मिळत नाहीत. फाळ झिजल्याची तक्रार ऐकून पुन्हा भट्टीपाशी जाणाऱ्या कारखानदाराची गरज त्यामुळे संपलेली नाही. रोज हजारो कुशल हात कामाला लागणाऱ्या या पट्ट्यात ती भागविण्याचे सामर्थ्य निश्चितच आहे.