पोरक्यांचा जाहीरनामा

१९१९ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पत्रके वाटणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या बाईंना पोलिसांनी पकडले. पत्रकावर उपासमारीने खंगलेल्या एका ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र होते. महायुद्ध थांबून पाच महिने लोटले होते. परंतु पराभूत राष्ट्रांनी तहावर सही करावी म्हणून दोस्त राष्ट्रांनी त्यांची नाकेबंदी चालूच ठेवली होती, आणि तिची झळ युद्धाशी काडीचाही संबंध नसलेल्या मुलांना बसत होती. सेन्सॉरची अनुमती न घेता पत्रके काढल्याबद्दल बाईंना पाच पौंड दंड झाला. खटला संपल्यावर सरकारी वकिलांनीच तेवढी रक्कम त्यांच्या हाती ठेवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या बाई म्हणजे एग्लंटाइन जेब. आई-बापांचे छत्र हरपलेल्या मुलांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पटावर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते.

जेब यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, सुखवस्तू घराण्यात झाला. ऑक्सफर्डला इतिहासाचे अध्ययन करून त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या. पण हे काम आपल्या प्रकृतीला मानवणारे नाही, हे ओळखून थोड्याच काळात त्यांनी ते सोडले. त्या अविवाहित राहिल्या. मुलांच्या सहवासाची आपल्याला विशेष ओढ नाही, हे त्या मोकळेपणाने मान्य करीत. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी तेथील दारिद्र्याची पाहणी करून १९०६ मध्ये एक ग्रंथ लिहिला. १९१३ मध्ये बाल्कन युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मॅसिडोनियात मदतकार्यासाठी जाऊन त्यांनी निर्वासितांचे हाल प्रत्यक्ष पाहिले. महायुद्धाच्या काळात त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन शत्रुराष्ट्रांतील वृत्तपत्रांतले उतारे भाषांतरित करून प्रसिद्ध करीत. शत्रूच्या घरातही भुकेले मूल असते, ही जाणीव जेब यांना या कामात अधिक तीव्रतेने झाली.

१९ मे १९१९ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमधील सभेत ‘सेव्ह द चिल्ड्रेन फंड’ लोकांसमोर आला. ज्यांचे पुत्र आणि पती रणांगणावर पडले होते, त्यांच्याकडेच शत्रूच्या मुलांसाठी मदत मागायची होती. अनेकांना हा देशद्रोह वाटला. तरी निधी वाढत गेला. जेब यांनी रोमला जाऊन पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची भेट घेतली आणि त्यांचा पाठिंबा मिळविला. जानेवारी १९२० मध्ये जिनिव्हा येथे या कार्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९२१ च्या रशियन दुष्काळात बोल्शेविकांच्या देशात अन्न पाठविण्यास ब्रिटिश वृत्तपत्रांच्या एका गटाने कडाडून विरोध केला. त्याला न जुमानता फंडाने सारातोव्ह प्रांतात सुमारे ३ लाख मुलांच्या रोजच्या जेवणाची व्यवस्था केली.

याच अनुभवातून जेब यांना दानधर्माची मर्यादा कळली. संकट ताजे असते तोवर लोक हात सैल सोडतात. वृत्तपत्रांतून ते दिसेनासे झाले की देणग्या आटतात. मूल मात्र त्यानंतरही भुकेलेच असते. तेव्हा त्याचे संरक्षण कोणाच्या कनवाळूपणावर न ठेवता ते मानवजातीचे कर्तव्य ठरले पाहिजे, या निष्कर्षाला त्या आल्या. १९२३ मध्ये त्यांनी अवघ्या पाच कलमांचा एक जाहीरनामा सिद्ध केला. मुलाच्या भौतिक व आत्मिक वाढीची साधने त्याला मिळावीत. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, वाट चुकलेल्याला सुधारण्याची संधी आणि अनाथाला आसरा मिळावा. आपत्तीत सर्वांआधी मुलांना मदत पोहोचावी. त्यांना उपजीविकेस समर्थ करून पिळवणुकीपासून वाचवावे. आणि आपले गुण इतरांच्या सेवेसाठी आहेत, ही भावना त्यांच्यात रुजवावी, असा त्याचा आशय होता. वंश, राष्ट्रीयत्व आणि धर्म यांचा भेद त्यात नव्हता.

२६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने हा जाहीरनामा मान्य केला. पारतंत्र्यात असलेला हिंदुस्थानही त्या वेळी राष्ट्रसंघाचा सभासद होता. पण या जाहीरनाम्याला कायद्याचे बळ नव्हते. ही राज्यकर्त्यांपुढे केलेली विनवणी आहे, हक्काची मागणी नव्हे, अशी टीका पोलंडमधील डॉक्टर आणि अनाथाश्रमाचे चालक यानुश कोर्चाक यांनी पुढे केली. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्यांना व त्यांच्या आश्रमातील सुमारे दोनशे मुलांना वॉर्सातून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले. टीका किती अचूक होती, याचा याहून दारुण पुरावा असू शकत नाही.

हे पाहण्यास जेब हयात नव्हत्या. दीर्घ आजारानंतर १७ डिसेंबर १९२८ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, जिनिव्हातच त्यांचे निधन झाले. त्यांनी लावलेले रोप मात्र वाढत राहिले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९५९ मध्ये बालहक्कांचा विस्तृत जाहीरनामा स्वीकारला आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी राष्ट्रांना बंधनकारक असा करार मंजूर केला. कुटुंबाला मुकलेल्या मुलाला विशेष संरक्षण देण्याची जबाबदारी त्याच्या विसाव्या कलमाने थेट शासनावर टाकली. भारताने १९९२ मध्ये हा करार मान्य केला. केवळ दारिद्र्याच्या कारणावरून मुलाला आई-बापांपासून तोडू नये, हे तत्त्व २००९ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मार्गदर्शक सूत्रांत स्पष्ट झाले.

मुलांच्या सहवासाची ओढ नसलेल्या बाईंनी मुलांची सनद लिहावी, यात वरवर विसंगती दिसते. वस्तुतः त्यांच्या कार्याचे मर्म तेथेच आहे. स्वतःच्या मुलावर माया सारेच करतात. परक्या, पोरक्या आणि शत्रूच्या मुलापर्यंत ती माया क्वचितच पोहोचते. जेथे ती पोहोचत नाही तेथे नियम पोहोचला पाहिजे, हे जेब यांनी जाणले. नियम कागदावर आला. तो पाळण्याचे काम सह्या करणाऱ्या राष्ट्रांकडे आजही बाकी आहे.