किडनीचं कोडं दाबाने सोडवू पाहणारा कार्ल लुडविग

उज्जैनच्या माधव नगरात जा की आपल्या तालुक्याच्या गावी, दवाखान्यात शिरलं की आधी दंडाला पट्टा आवळतात. दाब बरेच दिवस चढा राहिला तर डॉक्टर किडनीची तपासणीही लिहून देतात. रक्तदाब आणि किडनी यांची सांगड जर्मनीच्या कार्ल लुडविग यांनी १८४२ मध्ये घातली होती. वय होतं पंचवीस!

जन्म २९ डिसेंबर १८१६ चा, विट्झेनहाउझेन गावचा. विद्यार्थी असताना राजकारणापायी मारबुर्ग विद्यापीठ सोडावं लागलं, पण परत येऊन तिथेच ते डॉक्टर झाले. शरीर गूढ जीवनशक्तीवर चालतं, असं तेव्हा बरेच जण मानत. लुडविग यांनी सरळ भौतिकशास्त्र लावलं. किडनीतल्या रक्तवाहिन्यांच्या बारीक गुच्छातून रक्ताच्या दाबाने पाणी आणि क्षार गाळले जातात, पुढे नलिकेत बरंचसं पाणी परत रक्तात जातं, उरते ती लघवी.

नुसतं बोलून भागणार नव्हतं, दाब दिसायला हवा. मग पाऱ्याच्या नळीवर तरंगता काटा बसवून फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर त्यांनी दाबाची रेघ उमटवली. हेच ते कायमोग्राफ यंत्र. पुढे १८६७ मध्ये रक्तप्रवाह मोजायचं यंत्रही आलं. लाइपझिगला त्यांच्याकडे देशोदेशीचे तरुण शिकायला येत, रशियाचे पावलोव्हही त्यातलेच. विद्यार्थ्यांचं काम ते बहुधा विद्यार्थ्यांच्याच नावावर छापू देत. असा गुरू आजही विरळाच.

विरोधक मात्र तगडे होते. इतकं पाणी गाळायचं आणि परत शोषायचं, हे हायडेनहाइन यांना पटेना. वाद मिटायच्या आतच, २३ एप्रिल १८९५ ला लुडविग गेले. १९२० च्या दशकात अमेरिकेत बेडकाच्या किडनीतला थेंब सुईने काढून तपासला, तेव्हा गाळणी खरी ठरली. माणसाच्या किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात, लघवी होते दीड-दोन लिटर. पण परत शोषण्यासाठी नलिकेच्या पेशी स्वतः राबतात, म्हणजे विरोधकही पुरते चुकले नव्हते.

नुसत्या गाळणीत दाब वाढला की धार वाढायला हवी. किडनीत तसं होत नाही. दाब साधारण ८० ते १८० मध्ये हलला तरी रक्तप्रवाह जवळपास तेवढाच राहतो. ताण बसला की रक्तवाहिनी आपणहून आवळते, हे बेलिस यांनी १९०२ मध्ये दाखवलं. नलिकेतलं मीठ वाढलं तरी आत येणारी वाहिनी आवळते. हा निरोप पोचायला थोडा वेळ लागतो, म्हणून उंदरांच्या नलिकांमधला दाब मिनिटाला दोन-तीनदा वरखाली होतो. संशोधक आज संगणकावर समीकरणं मांडून तीच लय पकडतात.