वासुदेव बळवंत फडके

पनवेलपासून जवळच शिरढोण नावाचे गाव आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. मोठेपणी ते पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीस लागले. आई अत्यवस्थ असल्याचे कळताच त्यांनी रजा मागितली. परंतु ती वेळेवर मिळाली नाही आणि मातेची अखेरची भेट अंतरली. परक्यांची चाकरी किती कठोर असते, याचा अनुभव त्यांना तेव्हा आला.

पुढे १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. वासुदेव बळवंत गावोगाव हिंडले. अन्नावाचून तडफडणारी माणसे पाहून त्यांचे अंतःकरण पेटले. इंग्रजी सत्ता उलथून स्वराज्य स्थापावे, असा त्यांनी निश्चय केला. या कामी सुशिक्षितांचे साहाय्य लाभेना. तेव्हा त्यांनी डोंगराळ भागातील शूर रामोशी हाताशी धरले. दौलतराव नाईक हे त्यांचे मोठे आधारस्तंभ होते.

सैन्यास पैसा हवा होता. म्हणून फेब्रुवारी १८७९ मध्ये पुणे जिल्ह्यातील धामारी गावावर बंडवाल्यांनी छापा घातला. पुढे आणखी छापे पडले. परंतु काही साथीदारांना स्वराज्यापेक्षा लूटच अधिक प्रिय वाटू लागली. हे पाहून वासुदेव बळवंतांना फार क्लेश झाले.

मे महिन्यात दौलतराव आपल्या तुकडीसह कोकणात उतरले. त्यांनी पळस्पे व चिखले या गावांतून सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज मिळवला. ओझे घेऊन ते घाटमाथ्याकडे परतत असता मेजर डॅनियलच्या सैन्याने त्यांना गाठले. मोठी झुंज झाली आणि गोळी लागून दौलतराव धारातीर्थी पडले.

एवढा पैसा हाती आला होता. पण ज्याच्या शब्दावर माणसे प्राण देण्यास सिद्ध होत, तो नायकच गेला! रामोश्यांची फळी फुटली. तरी वासुदेव बळवंतांनी धीर सोडला नाही. दक्षिणेकडे जाऊन त्यांनी रोहिल्यांची फौज जमवण्याची खटपट चालवली. अखेर जुलै १८७९ मध्ये, आता कर्नाटकात असलेल्या देवर नावदगी येथील देवळात ते निद्रिस्त असताना त्याच डॅनियलने त्यांना पकडले.

पुण्यास खटला चालला. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तथापि जन्मठेप व काळे पाणी टळले नाही. दूर एडनच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथूनही ते एकदा निसटले, परंतु पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

मूठभर माणसांचे ते बंड फसले. सारा समाज पाठीशी उभा राहिल्यावाचून स्वराज्य मिळत नाही, हे त्या अपयशाने दाखवून दिले. मुलांनो, वासुदेव बळवंतांचे स्मरण करताना घाटात पडलेल्या दौलतरावांनाही विसरू नका.