राजाने न पुसलेला चेहरा

बँकेतली नोकरी संपवून आम्ही दोघे पिंपरीहून तळेगावला, स्टेशन भागात राहायला आलो, तेव्हा ज्याने त्याने इथल्या हवेचे कौतुक केले होते. हवा चांगली आहेच. पण मावळातला पाऊस चार महिने मुक्कामाला येतो आणि घरातल्या कपाटातसुद्धा शिरतो, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. ते कळले पहिल्याच दिवाळीत.

लक्ष्मीपूजनासाठी मी नाण्यांचा डबा काढला. आजोबांपासून आलेली ही नाणी. चांदीचे काही राणी छाप रुपये, तांब्याच्या चार-पाच शिवराया, भोकाचे पैसे. बँकेत असताना मोठ्या हौसेने मी ती प्लास्टिकच्या कप्प्यांच्या अल्बममध्ये लावली होती. उघडून पाहतो तो तांब्यावर हिरवा चिकट थर चढलेला आणि चांदी काळवंडलेली. देवापुढे अशी नाणी कशी ठेवायची, म्हणून मी दंतमंजन आणि जुना ब्रश घेऊन बसलो. अर्ध्या तासात रुपये लखलखू लागले. चष्मा लावून पाहिले, तर राणीच्या केसांच्या बटा आणि मुकुटाची नक्षी पुसट झालेली. सव्वाशे वर्षे जे टिकले होते, ते मी अर्ध्या तासात घासून काढले होते.

फराळाला आलेल्या एका स्नेह्यांनी ते रुपये पाहिले आणि ते एकदम गप्प झाले. चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ जुने नाणेसंग्राहक. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावले. सुती हातमोजे घालून एका कागदी पाकिटातून चांदीचे एक छोटेसे नाणे काढले आणि मऊ कापडावर ठेवले. हल्लीच्या रुपयाहूनही लहान, वजनाला जेमतेम दोन ग्रॅम, रंगाने करडे-काळे. भिंगातून पाहिले तेव्हा आधी एक नाक आणि एक डोळा दिसला. मग त्या चेहऱ्यावरच ठोकलेली तीन कमानींची टेकडी दिसली. एका नाण्यावर दोन राजे होते. चेहरा होता क्षत्रप नहपानाचा आणि वरचा ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा.

शाळेच्या पुस्तकात गौतमीपुत्राला आपण चार ओळींत भेटतो. शकांचा पराभव करणारा, पैठणचा सातवाहन राजा, एवढेच. त्या नाण्याने मला त्याच्याविषयी वाचायला लावले. त्याचा काळ नेमका कोणता यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा शेवट ते दुसऱ्याचा पूर्वार्ध या दरम्यान बहुतेकजण त्याला ठेवतात. पण त्याचे चरित्र ज्या साधनांवरून लिहिले जाते, ती आपल्या अगदी जवळची आहेत. नाशिकची पांडवलेणी, आपल्या मावळातले कार्ले आणि ही नाणी.

तो सत्तेवर आला तेव्हा सातवाहनांचे दिवस बरे नव्हते. ज्या नाणेघाटात त्यांच्या पूर्वजांनी आपले यज्ञ आणि दाने कोरून ठेवली होती, त्याच्या पायथ्याचे कोकण आणि माथ्यावरचे जुन्नर, दोन्ही हातचे गेले होते. क्षहरात घराण्यातल्या नहपानाने नाशिक, जुन्नर, मावळ हा सगळा पट्टा घेतला होता. व्यापाराचे घाट त्याच्या ताब्यात होते, त्यामुळे चांदीही त्याच्याकडेच येत होती. त्या चांदीची त्याने नाणी पाडली. एका बाजूला स्वतःचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत त्याचे नाव.

नहपानाचा जावई उषवदात हा मोठा दानशूर. कार्ल्याच्या भिक्षूंना त्याने करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख तिथल्या लेण्यात आहे. पण माझ्यासारख्या बँकवाल्याचा जीव अडकला तो त्याच्या नाशिकच्या लेखात. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच काढायचे नाही, नुसते व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीतून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यांसाठी द्यायचे. मी सवयीने कागद घेऊन हिशेब केला. २,००० वर दरमहा २० म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही २४०. एक नाणेसुद्धा इकडचे तिकडे होत नाही. आमच्या शाखेत ताळेबंद जुळला की जो आनंद व्हायचा, तोच तो लेख वाचून झाला.

अशा या चोख राज्यावर गौतमीपुत्राने चाल केली. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेला त्याचा हुकूम नाशिकच्या लेण्यात कोरलेला आहे. उषवदाताच्या वहिवाटीत असलेली २०० निवर्तने जमीन तो त्यात तिथल्या भिक्षूंना देतो. त्याच सुमाराचा आणि त्याचाच समजला जाणारा दुसरा हुकूम कार्ल्याला आहे. तो मामाल प्रांताच्या अमात्याला लिहिलेला आहे. मामाल म्हणजे आपले मावळ. ज्या गावाचे दान शत्रूच्या जावयाने केले होते, तेच गाव नव्या राजाने त्याच भिक्षूंकडे राहू दिले. तळेगावहून लोणावळा लोकल पकडली की मळवलीला उतरून हा दगडावरचा सरकारी कागद आजही पाहता येतो.

मग प्रश्न आला नाण्यांचा. नहपानाचा चेहरा असलेली हजारो नाणी लोकांच्या कनवटीला होती. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे ते पन्नास दिवस मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहेत. खिशातला पैसा उद्या चालेल की नाही, या भीतीने माणसाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. त्यामुळे गौतमीपुत्राने काय केले, हे मी फार उत्सुकतेने वाचले. त्याने ती नाणी सगळी वितळवली नाहीत आणि नुसती रद्दही केली नाहीत. आहे त्याच नाण्यावर त्याने आपला ठसा ठोकला. चेहऱ्यावर तीन कमानींचे चैत्य आणि स्वतःचे नाव, मागे चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह. चांदी तीच, वजन तेच, राजा मात्र नवा. भट्टीचा खर्च वाचला आणि बाजारही थांबला नसावा. घाईत मारलेल्या ठशाखालून जुना चेहरा कुठे कुठे डोकावत राहिला. जिंकलेल्या राजाला तो घासून पुसून टाकण्याची गरज वाटली नाही.

या राजाचे मला सर्वांत आवडलेले काम मात्र युद्धाचे नाही. अठराव्या वर्षी दिलेल्या जमिनीचे पुढे काही नीट झाले नाही. चोविसाव्या वर्षीचा दुसरा हुकूम त्याच लेण्यात आहे. त्यात राजा कबूल करतो, की दिलेले शेत कुणी कसत नाही आणि ते गावही ओस आहे; म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतली १०० निवर्तने देण्यात यावीत. आपला हुकूम कागदावरच राहिला, हे मान्य करून तो दुरुस्त करणारे किती अधिकारी मी नोकरीत पाहिले, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. या दुरुस्तीच्या हुकुमात राजाबरोबर त्याच्या आईचाही उल्लेख आहे. गौतमी बलश्री.

गौतमीपुत्राचे चरित्र खऱ्या अर्थाने लिहिले ते याच आईने. नातू पुळुमावी गादीवर बसून १९ वर्षे झाली, तेव्हा या वृद्ध राजमातेने नाशिकच्या डोंगरात भिक्षूंसाठी एक भव्य लेणे दिले आणि त्यात आपल्या मुलाची कीर्ती कोरवून घेतली. शक, यवन, पल्हव यांचा त्याने पाडाव केला, क्षहरातांचा वंश उखडला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, हे सगळे त्यात आहे. पण आईच ती. तिने हेही लिहवून घेतले, की त्याने कर धर्माने घेतले, प्रजेच्या सुखदुःखाला तो आपले मानत असे, अपराध करणाऱ्या शत्रूचाही जीव घेणे त्याला रुचत नसे आणि तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता. मुलाच्या मागे आईने लिहिलेले हे चरित्र आहे, त्यात कौतुक जास्त असणारच. पण शत्रूचा चेहरा राहू दिलेले ते नाणे हातात घेतले, की निदान एका गोष्टीत तिने अतिशयोक्ती केलेली नाही, असे वाटते.

हे आपल्याला कळले ते १९०६ साली. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे जमिनीत पुरलेला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी होती १३,२५० हून अधिक, सगळी मुळात नहपानाची आणि त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राचा ठसा. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून त्यांच्यावर लिहिले आणि कुणी कुणाचा पराभव केला याचा निर्विवाद पुरावा हाती आला. त्या दिवशी माझ्यासारखा एखादा दंतमंजनवाला तिथे असता आणि त्याने सगळी नाणी चकचकीत करून ठेवली असती, तर ठशाखालचे ते पुसट नाक, तो डोळा, कडेची ती ग्रीक अक्षरे आधी गेली असती.

माझ्या स्नेह्यांनी मग मला शिकवले, ते वाचकहो, तुमच्याही उपयोगाचे आहे. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे. हा काळेपणा म्हणजे चांदीचाच वरचा थर. तो घासला, की तेवढी चांदी आणि तिच्यावरची नक्षी जाते. चिंच, लिंबू, रांगोळी, राख, दंतमंजन यांतले काहीही जुन्या नाण्याला लावू नये. तांब्यावरचा तपकिरी किंवा घट्ट हिरवट थर तर त्याचे रक्षणच करतो. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर तो क्षार आणि दमटपणाचा रोग समजावा. ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवून जाणकाराला दाखवावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्थाच आहे.

माझ्या अल्बमचे मऊ प्लास्टिक पीव्हीसीचे होते. ते हळूहळू पाझरते, त्यातून आम्ल सुटते आणि तोच तो हिरवा चिकटा. त्याऐवजी आम्लरहित कागदाची पाकिटे किंवा पॉलिस्टरचे कप्पे घ्यावेत. वर्तमानपत्रात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, रबरबँड लावून नाणी ठेवू नयेत. नव्या प्लायवुडच्या कपाटाचा वासही त्यांना मानवत नाही. हातात घेताना नेहमी कडेने धरावे. बोटांचा घाम पुढे ठशासारखा उमटतो. डबा बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. औषधांच्या बाटल्यांतून येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकाव्यात आणि दर पावसाळ्यापूर्वी बदलाव्यात. लॉकरमध्ये ठेवले तरी निर्धास्त राहू नये. पाऊस संपल्यावर एखाद्या कोरड्या दुपारी उघडून पाहावे.

आणि पूजा? पंचामृत आणि हळद-कुंकू यांसाठी आम्ही आता सराफाकडचे एक नवे चांदीचे नाणे घेतले आहे. ते हवे तसे घासावे. आजोबांचे रुपये पाकिटातच चौरंगावर ठेवतो, कुंकू पाकिटाला लावतो. हिला आधी ते पटले नव्हते, आता तीच पाकिटे काढून देते.

मी घासलेल्या रुपयांवरची नक्षी काही परत येणार नाही. त्यांच्या पाकिटांवर मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, की ही नाणी अमुक वर्षी मी घासली, त्यापूर्वी ती काळी होती. पुढे नातवाच्या हाती ती जातील, तेव्हा राणीचे केस कुणामुळे गेले हे त्याला कळलेले बरे.