परळच्या प्रयोगशाळेचे हाफकिन

मुंबईच्या परळ भागातील हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. सर्पदंशावरील औषध असो वा पोलिओची लस, हे नाव आपल्या कानांवरून अनेकदा गेलेले असते. परंतु हाफकिन ही एक व्यक्ती होती, ती व्यक्ती परदेशातून येथे आली, येथील लोकांसाठी झिजली आणि येथेच तिच्यावर घोर अन्याय झाला, ही कथा फारशी कोणाला ठाऊक नसते.

वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पण ज्यू माणसास तेथील विद्यापीठात प्राध्यापकपद मिळणे धर्मांतरावाचून शक्य नव्हते, आणि धर्मांतर त्यांना मान्य नव्हते. मायदेश सोडून ते जिनिव्हास आणि तेथून पॅरिसला गेले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना प्रथम जागा मिळाली ती ग्रंथालयात. तेथेच त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

लस खरोखर गुणकारी आहे की नाही हे पाहावयाचे तर जेथे पटकीचे ठाणे आहे तेथे जाणे भाग होते. म्हणून १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्यास आले. त्यांची रीत साधी पण काटेकोर होती. एकाच वस्तीतील, एकच पाणी पिणाऱ्या लोकांपैकी काहींनी स्वेच्छेने लस घ्यावी, काहींनी घेऊ नये आणि पुढे दोन्ही गटांचे काय झाले याची नोंद ठेवावी. कलकत्त्याच्या काठालबागान वस्तीत लस दिल्यानंतर जे पटकीने आजारी पडले ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. साथरोगशास्त्र ज्यास आज म्हणतात त्याचा गाभा हाच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. शहर रिकामे होऊ लागले. सरकारने ऑक्टोबरात हाफकिनना मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि मोजके मदतनीस मिळाले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, ते उष्णतेने मारावयाचे आणि त्यांची लस करावयाची, अशी ती कृती होती. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक लस स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास आपण होऊन पुढे आले. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ आजारी पडले व दोघेही वाचले.

याच सुमारास, फेब्रुवारी १८९७ मध्ये, सरकारने साथरोगांचा कायदा केला. २०२० च्या कोविड साथीत पुन्हा वापरला गेला तो हाच. पुण्यात त्या वर्षी सोजिरांनी घरे झडली, माणसे सक्तीने हलविली आणि त्या असंतोषाची परिणती २२ जून रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली, हा इतिहास आपण जाणतो. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला तोही याच वर्षीच्या मार्चमध्ये. अशा वातावरणात हाफकिन सरकारचेच माणूस असूनही सक्तीच्या बाजूस गेले नाहीत. लोकांनी समजून उमजून हात पुढे करावा, हा त्यांचा आग्रह होता. आगाखान यांनी चारचौघांत लस टोचून घेऊन आपल्या अनुयायांची भीती घालविली.

१८९८ मध्ये बडोद्यानजीकच्या उंढेरा गावी त्यांनी याहून बारकाईची परीक्षा केली. प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस दिली. म्हणजे घर तेच, अन्न तेच, फरक फक्त लशीचा. पुढे लस न घेतलेल्यांपैकी २७ आजारी पडले व त्यांतील २६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी ८ आजारी पडले, दगावले ३. दुसऱ्या वर्षी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली आणि तेथून देशभर लस जाऊ लागली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. पंजाबातील मुलकोवाल गावी, जे आता पाकिस्तानात आहे, १०७ जणांस लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या १९ घरांचे दुःख कोणत्याही आकड्याने हलके होणारे नव्हते, हे प्रथम म्हटले पाहिजे. चौकशी आयोगाने मात्र दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनना पदावरून दूर व्हावे लागले आणि ते इंग्लंडला परतले.

त्याच चौकशीच्या कागदांत एक गोष्ट नोंदलेली होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. शिवाय दोष आधीपासून बाटलीत मुरलेला असता, तर विषाची लक्षणे लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती सुमारे आठवड्याने दिसली. हा मुद्दा पुढे येण्यास वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप निराधार ठरविला, आणि त्या वर्षअखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेतले.

परंतु परळची खुर्ची त्यांना परत मिळाली नाही. नेमणूक झाली ती कलकत्त्यास, आणि माणसांवर नवी लस पारखण्याची मुभाही राहिली नाही. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. सरकारी कामाचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हे नवीन वाटणार नाही. ठपका ठेवावयास एक अहवाल पुरतो; तो पुसल्यावरही माणूस पूर्वीच्या जागी परत येतोच असे नाही. हाफकिन यांच्याजवळ मात्र नोंदी होत्या, आणि त्याच शेवटी त्यांच्या बाजूने बोलल्या. लस घेतलेले किती, न घेतलेले किती, कोणती बाटली, कोणता दिवस, हे ज्या शिस्तीने लिहिले जाई, त्या शिस्तीमुळेच एका बाटलीचा दोष साऱ्या लशीवर ढकलता आला नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. ते त्यांना हयातीत पाहावयास मिळाले, एवढे समाधान. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. जन्मभूमीने दूर लोटलेला हा माणूस पॅरिसचा झाला नाही की लंडनचा. त्याचे नाव राहिले ते परळच्या एका इमारतीवर. आपणही आपापल्या गावांपासून दूर, परक्या शहरांत काम करीत आलो. जेथे पोट भरले तेथील लोकांच्या उपयोगी पडावे आणि आपल्या कामाची नोंद चोख ठेवावी, एवढा धडा या चरित्रातून घेतला तरी पुष्कळ झाले.