आयडानं नाव सांगितलं नाही

रेशनचं धान्य, घरातली मारहाण, पोरांचा पोषण आहार... बायका माझ्याकडे येतात, मन मोकळं करतात आणि उठता उठता हमखास म्हणतात की ताई, माझं नाव मात्र कुठं येऊ देऊ नका. मी मान डोलावते. पण दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडून एक चूक झाली. एका कार्यालयात तक्रार घेऊन गेले होते. समोरच्या माणसानं चहा मागवला, गोड बोलत विचारलं की हे तुम्हाला कळलं तरी कसं, आणि माझ्या तोंडून त्या बाईचं नाव निसटलं. पुढच्याच महिन्यात तिचं स्वयंपाकाचं काम गेलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. अजूनही बाजारात भेटली की हसते. तेच जास्त लागतं.

म्हणूनच आयडा टार्बेल ही बाई मला फार मोठी वाटते. बी.ए.ला अमेरिकेच्या इतिहासात तिचं नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. खरी ओळख पुढं वाचनातून झाली.

आयडाचा जन्म ५ नोव्हेंबर १८५७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, आजोळच्या लाकडी ओंडक्यांच्या घरात. ती दोन वर्षांची असताना जवळच्याच टायटसव्हिल गावात जमिनीतून तेल निघालं. ज्यापासून आपलं रॉकेल होतं ते हे तेल! वडील लाकूडकामात हुशार. त्यांनी तेल साठवायच्या लाकडी टाक्या बनवायला सुरुवात केली आणि घरात चार पैसे आले.

१८७२ साली मात्र सगळं फिरलं. रॉकफेलर आणि त्याच्या भागीदारांनी रेल्वे कंपन्यांशी गुपचूप करार केला. सगळ्यांचं भाडं वाढवायचं, यांना मात्र सूट. एवढ्यावर भागलं नाही, तर दुसऱ्यांच्या मालावर आकारलेल्या भाड्यातलाही वाटा यांनाच! म्हणजे तुम्ही टेम्पोनं माल पाठवला आणि तुमच्या भाड्यातले पैसे समोरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात गेले, असं समजा. लोक खवळले, तो करार मोडलाही. पण तोवर क्लीव्हलंडचे बहुतेक तेलशुद्धीचे कारखाने रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलनं गिळले होते. आयडा तेव्हा चौदा वर्षांची. संध्याकाळी गाणी म्हणणारे, गमती सांगणारे तिचे वडील गप्प गप्प राहू लागले. घरातल्या पोरीला असं काही कळत नाही, असं आपण उगाच समजतो.

पुढं ती कॉलेजात गेली, तेव्हा तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. दोन वर्षं शिक्षिका, मग मासिकात नोकरी, आणि १८९१ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, हाताशी फारसे पैसे नसताना पॅरिसला! तिथं लेख लिहून ती पोट भरत होती. तिचं लिखाण वाचून मॅक्ल्यूर नावाच्या संपादकानं तिला आपल्या मासिकात घेतलं. नेपोलियन आणि लिंकन यांच्यावरच्या तिच्या लेखमाला खूप गाजल्या. लग्न तिनं केलं नाही.

मग स्टँडर्ड ऑइलवर लिहायचं ठरलं. वडिलांनीच नको म्हणून सांगितलं, ते लोक मासिक बुडवतील अशी त्यांना भीती. ती मागं हटली नाही. कोर्टाची कागदपत्रं, सरकारी चौकश्यांचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं असं सगळं ती चाळत बसायची. हे काम दिसायला रुक्ष, पण तिची खरी ताकद यातच होती.

गंमत अशी की त्याच कंपनीतला एक बडा अधिकारी, हेन्री रॉजर्स, तिच्याशी बोलायला तयार झाला. भेट घडवून आणली ती त्याचा मित्र, लेखक मार्क ट्वेन यानं. पहिल्याच भेटीत कळलं की आयडाच्या लहानपणी दोघं एकाच गावात, जवळजवळ राहत होते. मग काय, गप्पा रंगल्या! जवळपास दोन वर्षं ती न्यूयॉर्कच्या त्यांच्या कचेरीत जात राहिली. तिथं कुणाची नजरानजर होऊ नये म्हणून तिला एका वाटेनं आत नेत आणि दुसऱ्या वाटेनं बाहेर काढत. आपण त्याचं ऐकून घेऊ, पण काय लिहायचं ते आपणच ठरवू, हे तिनं स्पष्ट केलं होतं.

तिला एक संशय होता. छोट्या व्यापाऱ्यांचा माल कुठं जातो, हे रेल्वेतली माणसं कंपनीला कळवतात. रॉजर्सनं तसं काही नसल्याचं सांगितलं. पण कंपनीच्या एका कचेरीत दर महिन्याला जुने कागद जाळायचं काम एका पोरगेल्या नोकराकडे होतं. एकदा जाळता जाळता त्याला एक ओळखीचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं. रविवारी त्याला चर्चमध्ये बायबल शिकवणारे गुरुजी! ते स्वतः तेलाचा छोटा धंदा करत. पोरानं ते कागद त्यांना नेऊन दिले आणि त्यांनी ते आयडाकडे पोचवले. कुणाचा माल कुठल्या गाडीनं कुठं निघाला, सगळी नोंद त्यात होती.

तिनं ते छापलं, पण त्या दोघांचा माग लागणार नाही अशा बेतानं. पुढच्या भेटीत रॉजर्स रागानं पांढराफटक पडला होता. हे कुठून मिळालं, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं की ते मी सांगू शकत नाही, पण कागद खरे आहेत हे तुम्हालाही ठाऊक आहे. दोन वर्षांचा तो स्नेह तिथंच संपला. त्या पोराच्या पगारासाठी तिनं केवढा मोठा दरवाजा बंद करून घेतला! मला तर नुसत्या चहाच्या कपानं बोलतं केलं होतं.

नोव्हेंबर १९०२ ते ऑक्टोबर १९०४ अशी एकोणीस भागांची ती लेखमाला चालली. वडिलांनी ती पूर्ण झालेली पाहिली आणि १९०५ मध्ये ते गेले. १९०६ साली सरकारनं खटला भरला आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं कंपनीचे चौतीस तुकडे झाले. ती सुडानं लिहिते, असंही लोक बोलले. भाऊ विरोधी तेल कंपनीत होता, त्यामुळे बोलायला जागाही होती. आणि मला न पटणारी गोष्ट म्हणजे बायकांना मताचा हक्क द्यायला या बाईचाच विरोध! स्वतः आयुष्यभर कमावून स्वतंत्र राहिली, आणि इतर बायकांना घर सांभाळा म्हणाली. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

१९३९ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तिचं आत्मचरित्र आलं. रॉजर्स तीस वर्षांपूर्वीच वारला होता, रॉकफेलरही दोन वर्षांपूर्वी गेला होता. आता भ्यायचं तरी कुणाला? कागदांची ती सगळी हकीकत तिनं त्यात सांगितली आहे. पण तिथंही तो नुसता कचेरीतला पोरगा आहे, आणि गुरुजी नुसते एक तेलवाले. ६ जानेवारी १९४४ ला आयडा गेली.